पिळाचं गाव

बेल्जियममधलं लिएज म्हणजे वॉफल, बिअर आणि... बंदुका! पणजोबांच्या दुनळीचं मूळ शोधत केलेली एक वीकेण्ड ट्रिप.

आइंडहोव्हनला ऑनसाइट आलेल्या मराठी मंडळींचे वीकेण्ड साधारण ठरलेले असतात. पहिला अ‍ॅमस्टरडॅम, दुसरा पॅरिस, तिसरा कुणाच्या तरी घरी मिसळ. चौथ्या वीकेण्डला मी जेव्हा म्हटलं, ‘मी लिएजला चाललोय, जुन्या बंदुका बघायला’, तेव्हा रूममेटने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता एचआरला मेल करावा लागणार!

पण माझ्या मोबाइलमध्ये तीन फोटो होते. बाबांनी सावंतवाडीजवळच्या आमच्या गावातून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले. आमच्या घरातली डबल बॅरल, म्हणजे गावच्या भाषेत दुनळी. बारा बोअरची, बाहेरून दिसणाऱ्या दोन घोड्यांची, पणजोबांच्या वेळची. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी, की एका गोऱ्या कलेक्टरसाहेबाने वाघाच्या शिकारीवर खूश होऊन पणजोबांना ती बक्षीस दिली. अस्सल बर्मिंगहॅमची! दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर एक झकास इंग्रजी नाव कोरलेलं आहे, म्हणजे पुरावाच की.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. शेतीसंरक्षणाचं लायसन्स त्यांच्या नावावर आहे आणि ते रिन्यू करायची वेळ जवळ आली होती. घरात तीन पार्ट्या पडल्या होत्या. आतेभाऊ म्हणत होता, ‘इंग्लिश अँटिक आहे, विकून टाका, लाखो मिळतील.’ आई म्हणत होती, ‘पोलिसांत जमा करा नि सुटा.’ आणि बाबा? ते काहीच म्हणत नव्हते. भात पिकायला आलं, की रानडुकरं शेतात उतरतात. मग बाबा रात्री बांधावर जाऊन दोन बार काढतात. त्यांच्या लेखी विषय संपला!

निर्णय माझ्यावर होता, कारण लायसन्स पुढे माझ्याच नावावर व्हायचं होतं. म्हटलं, आधी ही बंदूक आहे तरी काय ते बघू. नळ्यांवर लाटांसारखी, सापाच्या कातीसारखी एक नक्षी आहे. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत बसायचो. ऑफिसमधल्या बेल्जियन कलीगला फोटो दाखवला, तर तो म्हणाला, ‘हे डमास्कस आहे. माझ्या काकांकडे चल.’

शहराचा शिक्का

आइंडहोव्हनहून मास्ट्रिक्ट साधारण तासभर, तिथून गाडी बदलली की अर्ध्या तासात लिएज. उतरल्याउतरल्या पहिला धक्का बसतो तो गियेमँ स्टेशनचा. सांतियागो कालात्रावाने डिझाइन केलेलं आणि 2009 मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन म्हणजे पोलाद आणि काचेची एक प्रचंड पांढरी लाट आहे. लोखंडाशी खेळणं या गावाच्या रक्तात आहे, हे तिथेच कळतं.

म्यूज नदीच्या काठावरचं हे शहर 1795 पर्यंत एका राजा-बिशपच्या ताब्यातलं स्वतंत्र संस्थान होतं. डोंगरात कोळसा, आसपास लोखंड, नद्यांना भरपूर पाणी आणि शेजारी कायम भांडणारे मोठे राजे. बंदुकांच्या धंद्याला आणखी काय हवं? लिएजवाले सगळ्यांना माल विकायचे. नदीकाठचा लालभडक कुर्तियुस वाडा बघा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधणारे महाशय स्पेनच्या सैन्याला दारूगोळा पुरवून गब्बर झाले होते! आज तिथे ग्रँड कुर्तियुस म्युझियम आहे आणि 1885 मध्ये स्थापन झालेल्या शस्त्रसंग्रहालयाचा संग्रहही त्याच्याकडेच आला आहे.

जुन्या बाजाराच्या चौकात एक दगडी खांब आहे. त्याचं नाव पेरों. दिसायला साधा, पण या शहराची अस्मिता म्हणजे हा खांब. 1467 मध्ये बर्गंडीच्या शार्लने शहराला धडा शिकवायचा म्हणून पेरों उचलून ब्रुजला नेला. तो परत आला 1478 मध्ये, शार्ल मेल्यानंतर. हाच पेरों लिएजच्या बंदुकांवर इवल्याशा शिक्क्याच्या रूपात दिसतो.

शिक्क्यांचा फंडा सिंपल आहे. 1672 पासून लिएजमध्ये नळ्यांची सरकारी परीक्षा होते. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा. फुटली तर भंगारात, टिकली तर शिक्का! तपासणीचं हे काम आजही चालू आहे. बर्मिंगहॅमलाही असंच प्रूफ हाउस आहे, 1813 सालचं. म्हणजे जुनी बंदूक हातात आली, की वरचं कोरीव नाव नाही वाचायचं. पोटाखालचे शिक्के वाचायचे. आणि माझ्याकडचे तिन्ही फोटो वरून काढलेले होते...

काकांची खोली

कलीगचे काका निवृत्त शाळामास्तर आहेत. ब्यूरेनच्या प्रसिद्ध 374 पायऱ्यांच्या जवळ त्यांचं घर. (पायऱ्या चढून या. आदल्या रात्रीची बिअर उतरते!) मला वाटलं होतं, भिंतीवर शिंगं, वाघाची कातडी, जमीनदारी थाट असेल. प्रत्यक्षात एक छोटी स्वच्छ खोली, पोलादी कपाट, टेबलावर हिरवं बनातीचं कापड आणि भिंग. काका चाळीस वर्षं डमास्कस नळ्यांच्या दुनळ्या गोळा करतायत आणि त्यातल्या बहुतेकींमधून त्यांनी एकही बार काढलेला नाही.

‘मग गोळा कशाला करता?’ मी विचारलं. कलीगने भाषांतर केलं. काका हसले आणि त्यांनी एक नळीची जोडी माझ्या हातात दिली.

बॉस, काय सांगू! भिंगातून बघितलं तर नळीभर बारीक बारीक भोवरे. एकाशेजारी एक, शेकडो, आणि प्रत्येक थोडा वेगळा. कुणीतरी धातूवर रांगोळी घातलीय असं वाटावं. पण ही नक्षी वर काढलेली नाही, ती नळीच्या आरपार आहे. इथेच डमास्कस नावाचा घोळही समजून घ्यायला हवा. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारींचं पोलाद मुळात आपल्याकडचं, दक्षिण भारतातलं वूट्झ. मुशीत वितळवून केलेलं. त्यातली नक्षी पोलादातल्या सूक्ष्म कणांमुळे उमटते. बंदुकीच्या नळ्यांचं काम वेगळं. इथे लोखंड आणि पोलाद यांच्या कांबी एकत्र तापवून पिळतात. नाव तेच, दिसायला भावंडं, पण आई वेगळी.

मग काकांनी मला कलेक्टरची शाळाच घेतली. नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, दोरीला टांगायच्या आणि लाकडाने हळूच टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा लांब स्वर आला, तर दोन नळ्यांचा जोड पक्का. ‘भद्द’ असा आवाज आला, तर डाख सुटलाय. पुढची पायरी म्हणजे आतून उजेडात बघायचं, गंजाचे खड्डे शोधायचे. नळीच्या भिंतीची जाडी मापाने मोजायची, कारण दर पिढीत कुणीतरी घासूनपुसून ती थोडी पातळ केलेली असते. आणि नक्षी अस्सल आहे का ते तपासायचं. स्वस्त मालात साध्या पोलादावर नुसती नक्षी छापून डमास्कस म्हणून खपवायचे. आपल्याकडे फॉर्मिंगच्या बांगड्या असतात ना, तसंच!

आता माझी पाळी. फोटो बघून काका म्हणाले, ‘खालचा फोटो हवा.’

भारतात तेव्हा संध्याकाळ. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ‘बाबा, आधी रिकामी आहे ना बघा. मग पुढचं लाकूड काढा, नळ्या सोडवा आणि खालच्या बाजूचा फोटो पाठवा.’ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने हे सगळं माझ्यापेक्षा निम्म्या वेळात केलं. फोटो आला. काकांनी तो मोठा करून पाहिला आणि आनंदाने टेबलावर थाप मारली.

अंडाकृती चौकटीत तीन अक्षरं, ई, एल, जी. वर मुकुट. लिएज!

‘मुकुट आहे, म्हणजे 1893 नंतरची,’ काका म्हणाले. शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत 12 आणि सी, म्हणजे बारा बोअरचं घर. बर्मिंगहॅमच्या शिक्क्याचा पत्ताच नाही. आणि पट्टीवरचं ते झकास इंग्रजी नाव? काका म्हणाले, तेव्हा हा सर्रास धंदा होता. लिएज स्वस्तात हजारो बंदुका बनवायचं आणि परदेशातले व्यापारी त्यावर हवं ते नाव कोरून घ्यायचे. वेस्टली रिचर्ड्स ही बर्मिंगहॅमची 1812 सालची नामांकित कंपनी. त्या नावाच्या जवळ जाणारं ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ असं नाव घातलेल्या कितीतरी बेल्जियन बंदुका अमेरिकेत खपल्या. ग्राहकाला इंग्लिश वाटलं की झालं!

थोडक्यात, आतेभावाचे लाखो गेले. अशा साध्या बेल्जियन दुनळीला बाजारात फार भाव नाही. साहेबाने बक्षीस दिली ही गोष्ट खरी असेलही, पण बंदूक साहेबाच्या देशातली नव्हती. मी थोडा खट्टू झालो, खोटं का बोला.

पण काका अजून फोटोच बघत होते. आणि आता ते हसत नव्हते.

‘सिंह कुठाय?’ त्यांनी विचारलं.

धूररहित दारूसाठी तपासलेल्या लिएजच्या नळीवर सिंह आणि खाली पी, व्ही अशी अक्षरं असतात. आमच्या बंदुकीवर ती नव्हती. म्हणजे तिची परीक्षा झाली होती ती फक्त जुन्या काळ्या दारूवर. दुकानात आज मिळणारी काडतुसं धूररहित दारूची असतात, आणि त्यांच्या दाबाचा हिशेबच वेगळा असतो. शिवाय जुनी घरं बहुधा 65 मिलिमीटरची आणि आजची बरीच काडतुसं 70 ची. लांब काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा उरत नाही आणि दाब आणखी वाढतो.

‘तुझे वडील ही वापरतात?’

‘वर्षातून चार-पाच वेळा.’

काकांनी कपाटातून एक फुटकी नळी काढली. घरापासून वीतभर पुढे ती केळीच्या सालासारखी उलगडलेली होती. ‘इथे डावा हात असतो,’ ते इतकंच म्हणाले.

मला बांधावरचे बाबा दिसले. आणि त्यांच्या डाव्या बाजूला टॉर्च धरून उभा असलेला सातवीतला मी.

व्हेस्द्रच्या काठाने

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी काढली. ‘आता नळी कुठली ते बघ.’ लिएजच्या पूर्वेला व्हेस्द्र नदीचं अरुंद खोरं आहे. त्रो, फ्रेपों, नेसोंव्हो अशी एकामागोमाग गावं. दोन्ही बाजूंना झाडीचे डोंगर, मध्ये नदी, रस्ता आणि रेल्वे. आपल्या आंबोली घाटाच्या पायथ्याशी आल्यासारखं वाटतं, फक्त वडापाव नाही.

डमास्कस नळ्यांची ही पंढरी. नदीच्या पाण्यावर चाकं फिरायची, चाकांवर घण आणि सामते. लिएजचा बंदूकधंदा मोठ्या कारखान्यात कमी आणि घराघरात जास्त चालायचा. एका घरी नळी, दुसऱ्या घरी घोडे, तिसऱ्या घरी लाकूडकाम. नळीवाल्यांचं काम सगळ्यात घामाचं. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या आलटूनपालटून रचायच्या, तापवून एकजीव करायच्या, ओढून बारीक कांब करायची. ती लालभडक असताना सुंभासारखी पिळायची. अशा दोन, तीन किंवा जास्त पिळाच्या कांबी शेजारी ठेवून, एकीचा पीळ उजवा तर दुसरीचा डावा, पुन्हा जोडून लांब पट्टी करायची. ती सळईभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळायची आणि तापवून, ठोकून कड कडेला चिकटवायची. एक सांधा कच्चा राहिला, की सगळं फुकट. नंतर आतून भोक साफ करायचं, बाहेरून घासायचं. शेवटी रसायनाचा हात दिला, की लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात आणि पीळ दिसायला लागतो.

सुंभ जळतो, पीळ जळत नाही, असं आपण म्हणतो. इथे तर पीळच भट्टीतून बाहेर काढायचा होता!

मग एकसंध ओतीव पोलादाच्या नळ्या आल्या. स्वस्त, भरवशाच्या, नव्या दारूला झेपणाऱ्या. पहिल्या महायुद्धानंतर डमास्कसची मागणी जवळजवळ संपली. कारागीर म्हातारे झाले, पोरं कारखान्यात गेली. कोष्ट्यांच्या, तांबटांच्या घरांत हे आपण पाहिलंय, त्यामुळे वेगळं सांगायला नको.

नेसोंव्होला उतरून नदीकाठाने चाललो. जुलै 2021 मध्ये या खोऱ्यात भयानक पूर आला होता. 14 आणि 15 तारखेच्या त्या पावसात बेल्जियममध्ये 39 माणसं गेली आणि त्रो, पेपिंस्तेर या गावांची दैना झाली. काका गाडीतून पडकी घरं दाखवत होते. ज्या पाण्यावर घण चालले, त्याच पाण्याने घरं नेली. काठावर उभा राहून मी विचार करत होतो, आमच्या नळीसाठी इथल्याच कुणीतरी भट्टीपुढे कांब पिळली असेल. त्याचं नाव कुठेच नाही. पट्टीवर कोरलं ते कुणा भलत्याच इंग्रजाचं! आणि आम्ही शंभर वर्षं त्या इंग्रजाचं कौतुक केलं.

एक गोष्ट काकांनी बजावून सांगितली. डमास्कस म्हणजे बॉम्ब असंही नाही. चांगली डमास्कस नळी तिच्या काळात पोलादाच्या तोडीस तोड होती, आणि इंग्लंडमध्ये अशा काही बंदुका नव्या दारूवर पुन्हा तपासून घेऊन लोक वापरतातही. प्रश्न नक्षीचा नाही. तुमच्या नळीच्या आत काय चाललंय हे तुम्हाला माहीत नाही, हा प्रश्न आहे. शेकडो सांधे, शंभरावर पावसाळे. कोकणातले!

‘शंभर वर्सां फुटली नाय...’

परतीच्या गाडीतून बाबांना फोन केला. आधी बेल्जियमची बातमी दिली. वाटलं, वाईट वाटेल. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘म्हणजे सायबाकय कोणी तरी गंडवल्यान!’ आणि खो खो हसणं.

मग मूळ मुद्दा. ‘बाबा, ती आता उडवू नकात.’

‘शंभर वर्सां फुटली नाय, ती आताच कशाक फुटतली?’

या लॉजिकला उत्तर नसतं. मी फुटक्या नळीचा फोटो पाठवला. खाली काकांचं वाक्य लिहिलं, ‘इथे डावा हात असतो.’ निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. सुंभ आणि पीळ, दुसरं काय!

आठवड्याने उत्तर आलं. फोटोत दुनळी देवघरासमोर पाटावर, नळीला तेल लावलेलं, जवळ झेंडूची टोपली. दसरा दोन दिवसांवर होता. खाली मेसेज, ‘डुकरांक पत्र्याचो डबो बडवतंय. काडतुसां परत दितंय. ह्या दसऱ्याक तिका नुसती हळद-कुंकू लावया.’

आमचा निर्णय असा, बंदूक विकायची नाही. लायसन्स माझ्या नावावर करून घ्यायचं आणि ती घरात ठेवायची, न उडवता. अर्ज भरलाय, कागदपत्रं जोडलीयत, चकरा चालू आहेत. आतेभाऊ अजून नाराज आहे. आणि बाबांनी गावात नवीन गोष्ट सांगायला सुरुवात केलीय. त्यात कलेक्टरसाहेब आहे, वाघ आहे, आणि आता नदीकाठचा एक बेल्जियन लोहारसुद्धा आहे.

तुम्हालाही जायचंय?

कसं जाल : ब्रुसेल्सहून लिएज रेल्वेने साधारण तासाभरावर. नेसोंव्होला लिएजहून लोकल गाडी मिळते.

काय बघाल : ग्रँड कुर्तियुस, पेरोंचा चौक, ब्यूरेनच्या पायऱ्या. रविवारी म्यूजच्या काठावर ‘ला बात’ हा मोठा बाजार भरतो.

काय खाल : साखरेचे खडे घातलेलं लिएजचं वॉफल. नॉनव्हेजवाल्यांसाठी गोडसर रश्श्यातले ‘बुले’, म्हणजे खिम्याचे गोळे.

घरात जुनी बंदूक असेल तर : नाव नको, शिक्के वाचा. तज्ज्ञाने तपासल्याशिवाय एकही बार नको. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात आणि लायसन्स पाच वर्षांचं मिळतं. हौसेखातर हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणं हाही आता गुन्हा आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच पुराणवस्तूला कायद्यातून सूट आहे, त्यामुळे ‘अँटिक आहे, लायसन्स कशाला’ असं स्वतःच ठरवू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर विकायच्या फंदातही पडू नका. आणि लिएजहून बंदूक आणायचा विचार असेल, तर त्यापेक्षा वॉफल आणा!